व्हीसी फंडातला पहिला दिवस: ‘नाही’ कुणाला, आणि का

आज कुणी पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. नेहमीप्रमाणे बोललेलं इथे थोडं आवरून लिहून ठेवतोय, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेलवरून सुचला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे तो. बंगळुरूच्या एका व्हेंचर कॅपिटल फंडात त्याला उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळालीय. तो विचारतो, ‘पहिल्या दिवशी काय होतं? काय वाचून जाऊ? आणि घरी हे नेमकं काय म्हणून सांगू?’

मी आता सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो, व्हीसीवाला नाही. पण २०१८ च्या उन्हाळ्यात, बीटेकचं तिसरं वर्ष संपल्यावर, दोन महिने कोरमंगलातल्या एका फंडात इंटर्न होतो. फंडाचं नाव घेत नाही, गरजही नाही. त्या पहिल्या दिवसातून मला जे कळलं ते आज नोकरीतही रोज उपयोगी पडतं, म्हणून तेच सांगतो.

आधी घरच्यांचं. माझ्या आईने शेजारी सांगितलं होतं, ‘बँकेत लागलाय बंगलोरला.’ मी काही दुरुस्त केलं नाही, कारण फरक सांगायचा तर पाच मिनिटं लागतात. आज ती पाच मिनिटं आहेत.

बँक तुम्हाला कर्ज देते. धंदा चालो न चालो, हप्ता ठरलेला. पण धंदा उद्या शंभरपट झाला तरी बँकेला तेवढंच व्याज मिळतं. त्यामुळे बँकेची सगळी नजर एकाच गोष्टीवर असते, हा माणूस बुडणार तर नाही ना? व्हीसीचं उलटं असतं. तो कर्ज देत नाही, कंपनीतला हिस्सा घेतो. कंपनी बुडाली तर त्याचे पैसे गेले, तुमच्या दारात वसुलीला कुणी येत नाही. पण शंभरपट झाली तर त्याचा हिस्साही शंभरपट. म्हणजे त्याची नजर बुडण्यावर नसतेच. हे किती मोठं होऊ शकतं, एवढंच तो बघतो.

आणि दुसरी गोष्ट, जी घरी कुणाला खरी वाटत नाही: हे पैसे व्हीसीचे स्वतःचे नसतात. मोठ्या संस्था, श्रीमंत घराणी, परदेशी पेन्शन फंड अशांकडून ते गोळा केलेले असतात. आपल्याकडे यासाठी सेबीचे २०१२ चे नियम आहेत. त्यानुसार अशा फंडात एका गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान १ कोटी रुपये घालावे लागतात. फंडाचं आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षं. चालवणाऱ्यांना दरवर्षी फंडाच्या जवळपास २ टक्के रक्कम खर्चासाठी मिळते आणि शेवटी नफ्यातले साधारण २० टक्के. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला तो पार्टनर कितीही रुबाबात असला, तरी त्यालाही दहा वर्षांत कुणाला तरी पैसे वाढवून परत द्यायचे असतात. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

तर माझा पहिला दिवस. सोमवार, १४ मे २०१८. तारीख लक्षात आहे, कारण आदल्याच आठवड्यात, ९ मेला, वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं होतं. कोरमंगलात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. फ्लिपकार्ट २००७ मध्ये तिथल्याच एका फ्लॅटमधून सुरू झालेली. आमच्या पीजीच्या खाली इडली खाणारी पोरंसुद्धा कुणाच्या ईसॉपचे किती झाले याचा हिशोब करत होती.

सोमवारी सकाळी बहुतेक फंडांत पार्टनर मीटिंग असते. मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली आणि ‘नोट्स घे, बोलू नकोस’ एवढी सूचना. दोन तासांत अकरा कंपन्यांवर चर्चा झाली. मला वाटलं होतं, तंत्रज्ञानावर काहीतरी खोल बोलणं होईल. तसं फारसं झालं नाही. सारखे तीनच प्रश्न येत होते: बाजार किती मोठा? हीच टीम का? आणि आपण आत्ता घातलेल्या पैशाचं शेवटी काय होणार? अकरापैकी नऊ कंपन्या दहा-दहा मिनिटांत बाजूला पडल्या. ‘धंदा वाईट आहे’ असं त्यातल्या एकाहीबद्दल कुणी म्हटलं नाही. शब्द वापरला जात होता ‘आपल्यासाठी नाही’.

मीटिंगनंतर माझं खरं काम. मला घेतलं होतं ते स्क्रिप्ट लिहिता येतात म्हणून, पण पहिल्या दिवशी हातात आलं ते पिच डेकचं इनबॉक्स आणि एक मोठं स्प्रेडशीट. डेक उघडायचं, वाचायचं, शीटमध्ये एक ओळ भरायची: कंपनी काय करते, पैसे किती मागते, आजवर कमाई किती, आणि शेवटच्या रकान्यात स्थिती. स्थितीला तीन पर्याय: ‘भेटू’, ‘लक्ष ठेवू’, ‘नाही’. मी खाली स्क्रोल करत गेलो तर ‘लक्ष ठेवू’ची रांगच्या रांग. ‘नाही’ फार थोडे.

चारच्या सुमाराला ज्या असोसिएटच्या हाताखाली होतो तो आला. चेन्नईचा होता, वयाने माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. म्हणाला, ‘तू मराठी आहेस ना? इचलकरंजीचे एक फाउंडर आहेत. माझ्याशी इंग्रजी-हिंदीत बोलताना त्यांना जमत नाही नीट. हे पाच प्रश्न विचार, आकडे लिहून आण.’

इचलकरंजी माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोल्हापूर जिल्ह्यातलं यंत्रमागांचं गाव. लाखाच्या वर माग आहेत. हे गृहस्थ चाळिशीचे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, घरचे चोवीस माग. त्यांनी एक छोटं यंत्र बनवलं होतं. मागावर लावायचं, धागा तुटून माग थांबला की मालकाच्या मोबाइलवर कळतं, कुठला माग किती वेळ बंद होता याचा रोजचा हिशोब मिळतो. दोन हजार मागांवर बसवलं होतं. एका मागाला महिन्याला १०० रुपये. म्हणजे महिन्याला दोन लाख रुपये येत होते, बिनभांडवली म्हणावं असं.

फोन लावला.

‘नमस्कार साहेब.’

‘नमस्कार दादा. मला साहेब नका म्हणू, मी इंटर्न आहे. आजच लागलोय. मिरजेचा आहे.’

‘मिरजेचा? मग आधी सांगायचं की! चहा झाला का?’

पाच प्रश्न बाजूलाच राहिले, पंचवीस मिनिटं तो माणूस मागांबद्दल बोलत होता. गावातले बरेच जण खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. त्यांना महिन्याला शंभरच्या वर परवडत नाही, पण शंभर रुपये ते सोडणारही नाहीत, कारण बंद मागाचा तास त्याहून महाग पडतो. आणखी तीन हजार मागांची मागणी नक्की होती. एका यंत्राला खर्च १,५०० रुपये, म्हणजे ४५ लाख लागणार होते. बँक तयार होती. छोट्या उद्योगांसाठी सरकारी हमी योजना आहे, सीजीटीएमएसई म्हणतात तिला, २००० साली सुरू झालेली. त्यात त्या वेळी २ कोटींपर्यंतचं कर्ज बिनतारण मिळायचं. पण त्यांनी बँकेला थांबवून ठेवलं होतं.

‘का?’ मी विचारलं.

‘अरे, तुमच्यासाठी! जानेवारीत तुमच्या साहेबांनी सांगितलं, छान आहे, बघू. मग म्हटलं कर्ज कशाला अंगावर घ्यायचं? बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला. आता गिऱ्हाईक बी विचारायला लागलंय.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आता तू आपल्याकडचा आहेस म्हणून विचारतो. चार महिने झालं, हो बी नाही, नाही बी नाही. आमचं काम वाईट हाय का?’

मी म्हटलं, ‘दादा, मला आज इथे पहिलाच दिवस आहे. पण विचारून संध्याकाळी फोन करतो.’

असोसिएटकडे गेलो. शीटमध्ये त्यांची ओळ काढली: ‘लक्ष ठेवू’, जानेवारीपासून. म्हटलं, यांचं काय होणार आहे? तो उठला आणि व्हाइटबोर्डवर जे लिहिलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. वही-पेन असेल तर घ्या.

समजा फंड ५०० कोटींचा. दहा वर्षांचा खर्च वजा जाता गुंतवायला उरले साधारण ४०० कोटी. ते पंचवीसेक कंपन्यांत जाणार. ज्यांनी पैसे दिले त्यांना दहा वर्षांनी निदान तिप्पट हवेत, नाहीतर जोखीम घेण्यापेक्षा त्यांनी ते शेअर बाजारात ठेवले असते. म्हणजे १,५०० कोटी परत आणायचे.

आता पंचवीसमधल्या निम्म्याहून जास्त कंपन्या घातलेले पैसेही परत आणत नाहीत, हे या धंद्यात सगळे धरूनच चालतात. काही दुप्पट देतात. त्यांनी भागत नाही. म्हणून एक-दोन कंपन्या अशा लागतात की प्रत्येकीने एकटीने अख्खा फंड परत करावा, ५०० कोटी. फंडाचा हिस्सा पुढच्या फेऱ्यांमध्ये कमी होत होत शेवटी १० टक्क्यांवर येतो असं धरा. मग ती कंपनी कितीला विकली जायला हवी? ५,००० कोटींना.

आणि कोणती एक-दोन ते आधी माहीत नसतं. म्हणून घेतानाच प्रत्येक कंपनी ५,००० कोटींची होऊ शकते का, हे बघावं लागतं.

‘आता तुझ्या मागवाल्या दादांचं कर,’ तो म्हणाला.

मी केलं. इचलकरंजीतल्या एक लाख मागांनी हे यंत्र लावलं, एकही सुटला नाही, तर महिन्याला १ कोटी, वर्षाला १२ कोटी. भिवंडी, मालेगाव, सोलापूर सगळं धरून महाराष्ट्रात १० लाख माग धरले आणि सगळेच्या सगळे यांना मिळाले, जे कधीच होत नाही, तर वर्षाला १२० कोटी. खरं तर दहातला एक मिळाला तरी मोठी गोष्ट. म्हणजे पुन्हा १२ कोटी. एका कुटुंबासाठी, पन्नास-साठ लोकांना काम देणाऱ्या कंपनीसाठी, झक्कास धंदा. पण तिथून ५,००० कोटींपर्यंत रस्ताच जात नाही.

मंडळी, हे गणित आजचं नाही. अमेरिकेत १९४६ साली जॉर्ज डोरिओ वगैरे मंडळींनी अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट नावाची कंपनी काढली, आधुनिक व्हीसीची सुरुवात तिथून धरतात. त्यांनी अनेक ठिकाणी पैसे घातले, पण १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत घातलेल्या ७०,००० डॉलरने बाकी सगळ्यांना झाकून टाकलं. तेव्हापासून हा धंदा असाच चालत आलाय, एकाने बाकीच्यांचं फेडायचं. आणि २०१८ च्या त्या आठवड्यात फ्लिपकार्टने तेच पुन्हा दाखवलं होतं. ॲक्सेलने सुरुवातीला त्यात घातलेले पैसे दहा लाख डॉलरच्या आसपासचे होते, आणि वॉलमार्टच्या सौद्यात कंपनीची किंमत धरली होती जवळपास २१ अब्ज डॉलर.

तर मी असोसिएटला विचारलं, ‘हे जानेवारीतही असंच होतं ना? मग त्यांना नाही का सांगितलं नाही?’

त्याचं उत्तर प्रामाणिक होतं. म्हणाला, ‘नाही म्हटलं की दार बंद होतं. उद्या हाच माणूस काहीतरी प्रचंड घेऊन आला तर? म्हणून इथे सगळे संपर्कात राहू म्हणतात. नाही न म्हणण्याला आपल्याला काही खर्च येत नाही.’

ही भीती खोटी नसते. बेसेमर नावाच्या जुन्या अमेरिकन फंडाने आपण सोडून दिलेल्या कंपन्यांची यादीच साइटवर लावून ठेवलीय, त्यात ॲपल आहे, गूगल आहे, फेडेक्स आहे. हातचं सुटण्याची धास्ती या लोकांना झोपेतसुद्धा असते.

पण ‘आपल्याला काही खर्च येत नाही’ हे अर्धंच खरं. खर्च होता. तो इचलकरंजीत चढत होता. तीन हजार मागांचे महिन्याला तीन लाख, चार महिन्यांचे बारा लाख. मी तेवढंच बोर्डवर त्याच्या आकड्यांखाली लिहिलं आणि म्हटलं, मी फोन करून सांगू का? तो मिनिटभर बघत राहिला. मग म्हणाला, ‘फोन तू कर. मेल मी पाठवतो, लेखी हवं त्यांना.’ आणि दोन ओळींचा मेल त्याने तिथेच उभ्याउभ्या पाठवला, कारणासकट.

मी दादांना फोन केला. ५,००० कोटींचं गणित मराठीत सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘एवढंच होय? मग जानेवारीतच सांगायचं न्हाई व्हय!’ आणि नंतर, ‘म्हणजे बँकेला हो म्हणू?’

‘ते तुम्ही ठरवा दादा. पण आमच्यासाठी थांबू नका.’

त्यांनी कर्ज घेतलं. पुढे सगळं गोड झालं असं नाही. २०२० मध्ये लॉकडाउनला माग बंद पडले, आणि मागच नाही तर यंत्राचे शंभर रुपये कोण देणार? रिझर्व्ह बँकेने हप्ते काही महिने पुढे ढकलायची मुभा दिली म्हणून निभावलं, असं त्यांनीच मला सांगितलं. कर्जाची ही बाजूही ऐकून ठेवा. हप्ता माणसाची अडचण बघत नाही. पण कंपनी चालू आहे आणि अख्खी त्यांची आहे.

आता ‘अख्खी त्यांची’ याला महत्त्व का, ते एका उदाहरणात सांगतो, कारण हेच गणित मी आज नोकरीत वापरतो. एखाद्या कंपनीने व्हीसीकडून २० कोटी घेतले, २० टक्के हिस्सा दिला. कागदावर कंपनीची किंमत १०० कोटी, पेपरात फोटो. पुढे वाढ थांबली आणि कंपनी ३० कोटींना विकली. २० टक्क्यांच्या हिशोबाने व्हीसीला ६ कोटी मिळायला हवेत, बरोबर? पण टर्म शीटमध्ये बहुतेक वेळा लिक्विडेशन प्रेफरन्स नावाचं कलम असतं: विक्रीतून आधी माझे घातलेले पैसे, मग बाकीच्यांचं. म्हणून व्हीसी घेतो २० कोटी, आणि ८० टक्केवाल्या फाउंडर आणि कर्मचाऱ्यांना मिळून उरतात १० कोटी. यात फसवणूक काही नाही, सगळं सह्या करून झालेलं असतं. पण मला जेव्हा एखादी स्टार्टअप पगाराबरोबर ईसॉप देऊ करते, तेव्हा मी शेअर किती हे नंतर विचारतो. आधी विचारतो, माझ्या आधी रांगेत किती कोटी उभे आहेत?

तर मेल पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नांची उत्तरं. काय वाचून जाऊ म्हणालास, तर जाड पुस्तक नको. तुझा फंड किती कोटींचा आहे आणि एका कंपनीत साधारण किती घालतो, एवढं शोध. त्यावरून वरचं गणित स्वतः कर. पहिल्या मीटिंगमध्ये ‘आपल्यासाठी नाही’ का म्हणतात ते तुला आपोआप कळेल. मग एक खोटी कॅप टेबल बनव: दोन फाउंडर, ८ कोटींच्या कंपनीत २ कोटी आले, कुणाचे किती टक्के राहिले, पुढच्या फेरीत किती उरले. एक्सेल पुरे.

लोकांची डेक तुझ्या हातात येतील. ती कुणाची तरी घरदार पणाला लावलेली गोष्ट असते. मित्राला गंमत म्हणूनही पुढे पाठवायची नाही.

आणि शीट भरशील तेव्हा, परवानगी असेल तर, स्थितीच्या शेजारी एक रकाना वाढव: ‘त्यांना कळवलं, तारीख’. आमच्या फंडात मी जाईपर्यंत तो रकाना राहिला. पुढे राहिला का, विचारलं नाही.

घरी काय सांगायचं? ‘बँकेसारखंच, पण हप्ता नसतो आणि लवकर उत्तरही देत नाहीत’ असं सांग. माझ्या आईला तेवढं पुरलं.

पुढच्या भागात टर्म शीटमधली आणखी दोन-तीन कलमं घेऊ, अशाच आकड्यांनी. तुमच्यापैकी कुणाला ‘बघू’ म्हणून महिनोनमहिने ताटकळत ठेवलं असेल, तर मेल करा, नावं न घेता वाचून दाखवीन. चला, भेटू.